आईचे पोटाचे डायलिसिस टिकून राहावे यासाठी घरच्यांनी नेमके काय करावे?

गोदाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझी आई 62 वर्षांची असून मधुमेहामुळे तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. गेल्या वर्षापासून ती पोटाच्या डायलिसिसवर, म्हणजे सीएपीडीवर आहे. ती परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी थोरल्या भावाकडे राहते आणि मी नोकरीमुळे चाकणला असतो. दिवसातून चार वेळा पोटातले जुने पाणी काढून दोन लिटरच्या नव्या पिशवीतले द्रावण नळीने पोटात भरावे लागते आणि ते सगळे काम माझी वहिनी करते. सुरुवातीचे काही महिने उत्तम गेले. दिवाळीनंतर मात्र एकदा पोटातून निघालेले पाणी गढूळ आले, ताप आला आणि आईला रुग्णालयात दाखल करावे लागले. प्रतिजैविकांनी ती बरी झाली, पण घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले की असे पुन्हा झाल्यास नळी काढून रक्ताच्या डायलिसिसवर जावे लागेल.

रक्ताच्या डायलिसिससाठी आम्हाला आठवड्यातून तीन वेळा शहर गाठावे लागेल. तेथे चार तास यंत्रावर आणि त्याखेरीज जाण्यायेण्यात उरलेला दिवस, हे आईला झेपणार नाही. म्हणून आहे तेच डायलिसिस टिकवायचे आहे. सध्या तीन गोष्टी मला सतावतात. जंतुसंसर्ग परत होऊ नये म्हणून काय करावे, ही पहिली. दुसरी अशी की आईच्या पायांवर संध्याकाळी सूज दिसते आणि कधी कधी भरले त्यापेक्षा कमी पाणी बाहेर येते. तिसरी गोष्ट लिहिताना संकोच वाटतो: वहिनी थकली आहे. ती तक्रार करत नाही, पण गेल्या वर्षभरात ती एकदाही माहेरी राहायला गेलेली नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

निवृत्त सिस्टर यांचा प्रतिसाद

मी पुण्यात अनेक वर्षे पीडीच्या, म्हणजे पोटाच्या डायलिसिसच्या, रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना पिशवी बदलायला शिकवण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. तुम्ही तिसरी म्हणून लिहिलेली गोष्ट मी पहिली मानते, पण तिच्याकडे शेवटी येते.

शिकवले त्या आठवड्यात प्रत्येकजण अगदी काटेकोर असतो. नंतर हात सरावतात, आणि सरावलेला हात एकेक पायरी गाळू लागतो. हात धुण्याचा वेळ कमी होतो, मास्क हनुवटीवर येतो, पंखा चालूच राहतो, शेजारीण दारात येऊन बोलू लागते. यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो. दिवसातून चार वेळा तेच काम करणाऱ्या कोणाचेही असेच होते. म्हणूनच संसर्गानंतर, रुग्णालयातून परतल्यावर किंवा काम करणारी व्यक्ती बदलल्यावर पूर्ण प्रशिक्षण पुन्हा घ्यावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. तुमच्या वहिनींचे फेरप्रशिक्षण झाले आहे का? झाले नसेल, तर रुग्णालयाकडे तशी मागणी करा. तोवर एका पूर्ण पिशवीबदलाचे चित्रण करायला सांगा, पण मध्ये कोणी सूचना देऊ नका. सूचना दिल्या की माणूस परीक्षेला बसल्यासारखा वागतो आणि रोजची सवय दिसत नाही.

चित्रणात पुढील गोष्टी पाहाव्यात. खोलीची खिडकी व दार बंद, पंखा बंद, मांजर-कुत्रे बाहेर. टेबल पुसलेले. अंगठी आणि बांगड्या काढलेल्या. आपल्याकडे सौभाग्यवती बायका हिरव्या बांगड्या काढायला तयार नसतात, तेव्हा निदान त्या कोपराकडे सरकवून रुमालाने बांधाव्यात. साबणाने बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांखालची जागा चोळून हात धुवावेत आणि स्वच्छ, कोरड्या कापडाने पूर्ण पुसावेत. ओल्या हातांनी केलेले काम धोक्याचे असते. गावाकडे पाणी विहिरीचे किंवा टाकीत साठवलेले असते, म्हणून हात कोरडे झाल्यावर वरून अल्कोहोलचे सॅनिटायझर लावून ते वाळू द्यावे.

यानंतरचे काही क्षण सर्वांत महत्त्वाचे. टोपी काढल्यापासून पिशवीची नळी जोडेपर्यंत ट्रान्सफर सेटचे, म्हणजे पोटातल्या नळीला जोडलेल्या बाहेरच्या छोट्या नळीचे, उघडे टोक कशालाही लागता कामा नये: बोटाला नाही, साडीच्या पदराला नाही, टेबलालाही नाही. जोडणी झाली की आधी पोटातले पाणी काढावे, मग नव्या पिशवीतले थोडे पाणी पाच मोजेपर्यंत थेट निचऱ्याच्या पिशवीत सोडून नळी धुऊन घ्यावी आणि त्यानंतरच पोटात पाणी भरावे. जोडताना एखादा जंतू आत शिरलाच, तर या धुण्याने तो पोटाऐवजी टाकाऊ पिशवीत जातो. घाईत ही पायरी गळते, असे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. शेवटी आयोडीनची टोपी दर वेळी नवीन लावावी. जुनी टोपी धुऊन परत लावणे हा काटकसरीचा प्रकार कृपया कोणी करू नये.

आणि टोक कशाला लागलेच तर? तेव्हा लपवालपवी नको. पाणी पोटात सोडण्याआधी लक्षात आले, तर क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) बंद ठेवून, नवीन टोपी लावून केंद्राला फोन करावा. ते ट्रान्सफर सेट बदलून देतील. पाणी आत गेल्यावर लक्षात आले, तर सेट बदलण्याबरोबर प्रतिबंधक प्रतिजैविकही द्यावे लागते, म्हणून त्याच दिवशी जावे. घरात रागवायची पद्धत असेल, तर अशी चूक कोणी सांगत नाही, आणि तिसऱ्या दिवशी पोट दुखू लागते. त्यामुळे वहिनींना आधीच स्पष्ट सांगून ठेवा की चूक झाली तर कोणीही बोलणार नाही.

नळी पोटातून बाहेर येते ती जागा रोज पाहावी. लाली, ओल, पू, खपली किंवा दाबल्यावर दुखणे यांपैकी काही दिसले तर त्याचा फोटो पाठवावा. डॉक्टरांनी दिलेले म्युपिरोसिनसारखे जंतुनाशक मलम रोज लावावे आणि नळी पोटाला चिकटपट्टीने पक्की बसवावी, म्हणजे उठता-बसता तिला ओढ बसत नाही. आंघोळ वाहत्या पाण्याने करावी. नदी, विहीर, तळे वर्ज्य.

आता वहिनींबद्दल. घरात दुसरी व्यक्ती शिकलीच पाहिजे. तुमच्या पत्रात भाऊ कुठे दिसले नाहीत. पिशव्यांचे खोके उचलणे, निचऱ्याच्या पिशवीतले पाणी शौचालयात ओतणे, वही लिहिणे हे तर त्यांनी लगेच सुरू करावेच, पण पिशवी बदलायलाही शिकावे. ज्या घरात एकटी सून सगळे करते, त्या घरातले डायलिसिस ती आजारी पडेपर्यंतच चालते.

---

देवगडकर यांचा प्रतिसाद

मी स्वतः कित्येक वर्षे पीडीवर आहे, त्यामुळे रुग्णाच्या बाजूने थोडे लिहितो. सिस्टरांनी संसर्गाबद्दल लिहिलेच आहे. मी सूज आणि पाण्याबद्दल सांगतो.

तुमच्याकडे वही आहे का? माझ्या वहीत सकाळचे वजन, रक्तदाब, प्रत्येक वेळी भरलेले व निघालेले पाणी आणि दिवसभराची लघवी असते. निचऱ्याची पिशवी मी लटकवण्याच्या काट्यावर मोजतो, रिकाम्या पिशवीचे वजन वजा करतो आणि फरक लिहितो. नुसत्या डोळ्यांनी ‘बरेच पाणी निघाले’ असे म्हणण्याला काही अर्थ नसतो. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोंनी वाढले, तर ते अंगावर चढलेले मांस नसून साठलेले पाणी असते. सूज दिसण्याआधी काटा ते सांगतो.

पाणी कमी निघण्याचे पहिले कारण बहुतेक वेळा बद्धकोष्ठता हे असते, आणि ते विचारायला सगळे लाजतात. आतडी भरलेली असली की नळीची छिद्रे दाबली जातात. आईंना रोज शौचाला साफ होते का, हे वहिनींनी विचारावे. होत नसेल तर डॉक्टरांकडून लॅक्ट्युलोजसारखे औषध घ्यावे. नळीला पीळ पडलेला नाही ना, क्लॅम्प पूर्ण उघडला आहे ना, हे पाहावे. कुशीवर वळून किंवा थोडे चालूनही कधी कधी पाणी येते. पाण्यात पांढरे धाग्यांसारखे तंतू दिसले, तर ते फायब्रिन (गोठलेल्या प्रथिनाचे धागे) असते; त्यासाठी पिशवीत हेपरिन हे गुठळ्या होऊ न देणारे औषध घालावे लागते आणि ते केंद्राच्या सांगण्यावरूनच. एवढे करूनही सलग दोन वेळा कमी निघाले तर फोन करावा, कारण नळी जागेवरून सरकलेली असू शकते आणि ते एक्स-रेमध्येच कळते.

पाणी किती प्यावे याची चर्चा घरोघरी होते, मिठाची होत नाही. मीठ खाल्ले की तहान लागणारच आणि मग माणूस पाणी पिणारच. आम्हा कोकणातल्या माणसांची परीक्षा सुक्या मासळीत असते, तुमच्याकडे ठेचा, पापड, लोणचे आणि कुरडया असतील. दिवसभरात सगळे मिळून चहाचा एक सपाट चमचा मीठ, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, ही मर्यादा धरावी. बाजारात मिळणारे ‘कमी सोडियमचे’ मीठ विचारल्याशिवाय आणू नये. त्यात काही सोडियमऐवजी पोटॅशियम असते आणि ते तपासणी न पाहता वाढवू नये.

दुसरे असे की हे डायलिसिस घरी बसवून ठेवते, हा समज खरा नाही. मी लग्नाला जातो, एसटीने कोल्हापूरला जातो. बरोबर पिशव्या, टोप्या, क्लॅम्प, मास्क आणि हुक घेतो. नातेवाइकांच्या घरी एक खोली अर्धा तास बंद करून मागतो, एवढेच. वेळा तासभर मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. पिशवी चुकवणे मात्र वाईट, कारण आज एक चुकवली की आठवड्यात तीन चुकतात. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की मालाची गाडी अडकते, त्यामुळे मी दहा दिवसांचा साठा नेहमी शिल्लक ठेवतो. खोकी जमिनीवर ठेवत नाही, फळीवर ठेवतो. उंदीर प्लास्टिकला भोक पाडतात.

---

स्पष्टवक्ता यांचा प्रतिसाद

थोडे वेगळे मत मांडतो. माझ्या वडिलांचे पीडी आम्ही दोन वर्षे रेटले. घराचे रुग्णालय झाले होते आणि आई रात्रीची झोपत नव्हती. शेवटी ते रक्ताच्या डायलिसिसवर गेले. तेथे सोबतचे रुग्ण भेटतात, गप्पा होतात, आणि घरी आले की घर घर राहते. तेव्हा ‘काहीही करून टिकवायचेच’ हा हट्ट धरू नये, असे मला वाटते.

---

मूत्रपिंडतज्ज्ञ, नागपूर यांचा प्रतिसाद

वरच्या मताशी मी अर्धा सहमत आहे. पद्धत रुग्णाच्या आयुष्यात बसली पाहिजे, आणि एका पद्धतीवरून दुसरीवर जाणे हे अपयश नाही. परंतु प्रश्नकर्त्यांच्या परिस्थितीत पीडी हीच सोयीची पद्धत आहे, आणि ती ‘गरिबाघरची तडजोड’ आहे असेही कोणी समजू नये. हाँगकाँगमध्ये 1985 पासून, काही विरोधी कारण नसेल तर, पीडीच आधी द्यायचे असे सरकारी धोरण आहे आणि तेथील बहुसंख्य डायलिसिस रुग्ण घरीच उपचार घेतात.

एका संसर्गाने पीडी संपत नाही. तुमच्या डॉक्टरांनी सावध करण्यासाठी तसे म्हटले असावे. योग्य प्रतिजैविके देऊनही पाच दिवसांत पाणी स्वच्छ होण्याची चिन्हे दिसली नाहीत, किंवा संसर्ग बुरशीचा निघाला, तर नळी काढावी लागते. उपचार संपल्यावर तोच जंतू चार आठवड्यांच्या आत परतला, तर नळीतच तो दडून बसल्याची शंका येते. म्हणून मागच्या वेळी कल्चरमध्ये, म्हणजे पाण्यातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, कोणता जंतू आला होता, हे डिस्चार्ज कार्डावर पाहा. त्वचेवरचा जंतू असेल तर प्रश्न हातांचा आणि जोडणीचा असतो; आतड्यातला असेल तर बद्धकोष्ठता, जुलाब किंवा पोटातील अन्य आजार शोधावा लागतो. हे न पाहता नुसते ‘स्वच्छता पाळा’ सांगणे अपुरे आहे.

पुन्हा कधी पाणी गढूळ आले तर ती पिशवी ओतून देऊ नका. तीच घेऊन रुग्णालयात या, रात्र असली तरी. पाण्यातील पांढऱ्या पेशींची संख्या दर मायक्रोलिटरमागे 100 च्या वर आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) असल्यास आम्ही संसर्ग धरून चालतो आणि कल्चरची वाट न पाहता प्रतिजैविक थेट पोटातील पाण्यातून देतो. गावातील डॉक्टरांकडून दोन गोळ्या घेऊन ‘उद्या बघू’ म्हणण्याने दोन प्रकारे नुकसान होते: उपचाराला उशीर होतो आणि कल्चरमध्ये जंतू उगवत नाही. ओळखायची सोपी रीत म्हणजे पिशवीखाली छापील कागद धरावा; अक्षरे स्वच्छ वाचता आली तर पाणी ठीक.

सुजेबाबत. घरातील मंडळी सूज दिसली की जास्त तीव्रतेची, म्हणजे जास्त साखरेची, पिशवी लावतात. अनेक कंपन्यांत 1.5 टक्के पिवळी, 2.5 टक्के हिरवी आणि 4.25 टक्के लाल अशी खूण असते. दोन लिटरच्या लाल पिशवीत 85 ग्रॅम डेक्स्ट्रोज (साखर) असते आणि त्यातील बराचसा भाग रक्तात शोषला जातो. मधुमेही रुग्णाच्या दृष्टीने हे लहान प्रमाण नाही, शिवाय ज्यातून हे डायलिसिस होते तो पोटाचा आतला पडदाही सततच्या तीव्र साखरेने कालांतराने कमकुवत होतो. त्यामुळे लाल पिशवी अडीअडचणीला, आणि मीठ आवरणे रोजचे. आईंचा पडदा पाणी व साखर किती वेगाने आरपार नेतो, हे पीईटी नावाच्या तपासणीत कळते. ती झाली नसेल तर करून घ्या. पडदा वेगवान असेल, तर रात्रभर ठेवलेली साध्या द्रावणाची पिशवी उलट पाणी परत शोषू देते आणि सकाळी कमी निघते. तुम्ही लिहिलेली कमी पाण्याची तक्रार सकाळच्याच पिशवीची आहे का, हे वहीत तपासा. अशा रुग्णांना रात्रीसारख्या लांब मुदतीसाठी आयकोडेक्स्ट्रिन हे वेगळे द्रावण देता येते. मात्र ते सुरू केल्यास काही प्रकारच्या ग्लुकोमीटर पट्ट्या साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात आणि त्या आकड्यावर इन्सुलिन दिले तर साखर धोकादायकरीत्या उतरते. कोणता ग्लुकोमीटर चालेल, हे आधी विचारून घ्यावे.

आईंना अजून थोडी लघवी होत असेल, तर तिला फार जपा. उरलेले मूत्रपिंड जे काम करते त्याची भरपाई पिशव्यांनी पूर्णपणे होत नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, तसेच काढे आणि भस्मे बंद करावीत. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटले तर लगेच कळवावे. लघवी बऱ्यापैकी असल्यास चारऐवजी तीन पिशव्या पुरतात का, हेही डॉक्टरांना विचारा. तपासण्या पाहून तसा निर्णय घेता येतो, आणि वहिनींच्या दिवसातील एक पिशवी कमी होणे ही लहान गोष्ट नाही.

आहारात एक जुना गैरसमज आडवा येतो. डायलिसिस सुरू होण्याआधी डाळ, अंडी कमी करायला सांगितलेले असते आणि घरात तेच पथ्य पुढे चालू राहते. पीडीत मात्र रोज 5 ते 10 ग्रॅम प्रथिने पाण्यावाटे निघून जातात, संसर्गात त्याहून अधिक. वजनाच्या दर किलोमागे सुमारे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने रोज मिळायला हवीत. अंडी चालत असतील तर पांढरा भाग उत्तम, नाहीतर वरण आणि मोड आलेल्या मटकीचे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. फॉस्फरस कमी करण्यासाठी दिलेली गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, उपाशीपोटी नाही. पोटॅशियमचेही तसेच: रक्ताच्या डायलिसिसवरील शेजाऱ्याचे पाहून फळे बंद केली जातात, तर पीडीत पोटॅशियम पुष्कळदा कमी पडते. तपासणी पाहूनच ठरवावे.

---

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभार. वही पाहिली, पाणी कमी निघाल्याच्या बहुतेक नोंदी खरोखर सकाळच्या पिशवीच्या आहेत, त्यामुळे पीईटीबद्दल पुढच्या भेटीत विचारणार आहोत. भावाशी बोललो. तो शिकायला तयार आहे. ‘मला कोणी कधी सांगितलेच नाही’ असे त्याचे म्हणणे. आता दोन शंका. रात्री झोपेत चालणाऱ्या यंत्रामुळे वहिनीचा भार हलका होईल का? आणि थंडीत पिशवी गरम कशी करावी? सध्या वहिनी ती गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवते.

---

निवृत्त सिस्टर

पातेल्याचे आजच थांबवा. गरम पाण्यातले जंतू ओलाव्याबरोबर जोडणीच्या टोकापर्यंत पोहोचू शकतात. पिशवी बाहेरचे आवरण न फोडता कोरड्या उष्णतेने कोमट करावी. शेकायची विजेची गादी मंद आचेवर ठेवून त्यावर पिशवी गुंडाळली तरी पुरते. वीज जाणार असेल तर पिशवी आधीच कोमट करून गोधडीत गुंडाळून ठेवावी. हाताला कोमट लागली की पुरे. चटका बसेल इतकी गरम पिशवी पोटात कधीही सोडू नये, आणि थंड सोडली तर पोटात कळा येतात, एवढेच.

यंत्राने दिवस मोकळा होतो, कारण रात्री एकदा जोडायचे आणि सकाळी सोडवायचे, म्हणजे जोडण्या कमी. पण त्याचा खर्च अधिक आहे आणि तुमच्याकडे रात्रीचे भारनियमन कसे आहे, याचा विचार आधी करावा लागेल. पिशव्यांच्या खर्चाबाबत महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आईंच्या बाबतीत काय बसते, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रांना शिधापत्रिका दाखवून प्रत्यक्ष विचारा. फोनवर अर्धवट उत्तरे मिळतात.

भावांचे प्रशिक्षण सुरू होईल तेव्हा पहिले काही दिवस वहिनींनी शेजारी बसून नुसते पाहावे, हात लावू नये. ते सरावले की वहिनींना माहेरी पाठवा, आणि त्या आठवड्यातले एक चित्रण मला संदेशातून पाठवा. त्यात आईंचा चेहरा नसला तरी चालेल. हात, टेबल आणि नळीचे टोक स्पष्ट दिसले पाहिजे.